हिरवी जीभ आणि बधिर पाय: पोटाच्या गोळ्यांचा एक विसरलेला इतिहास

“डॉक्टर, पोट आता बरं आहे. पण चप्पल पायातून कधी निसटते तेच कळत नाही. चार पावलं पुढे गेलो की लक्षात येतं, एक पाय अनवाणीच आहे.”

हे सांगणारे गृहस्थ चाळिशीतले. क्रोन्स या आतड्याच्या जुनाट आजाराचे बऱ्याच वर्षांपासूनचे रुग्ण. या आजारातूनच त्यांना भगंदर झाले होते आणि त्यातून अधूनमधून पू यायचा. पायांना मुंग्या येतात ही तक्रार त्यांनी याआधी दोनदा केली होती आणि दोन्ही वेळा मी त्यांना बी-१२ची इंजेक्शने लिहून दिली होती. क्रोन्समध्ये लहान आतड्याचा शेवटचा भाग खराब झाला की बी-१२ नीट शोषले जात नाही, त्यामुळे तो विचार चुकीचा नव्हता. पण तो अपुरा होता. तिसऱ्या भेटीत मी त्यांना औषधांची सगळी पिशवीच टेबलावर रिकामी करायला सांगितली. त्यात मेट्रोनिडॅझोलची पट्टी निघाली. ४०० मिलिग्रॅमची गोळी, दिवसातून तीन वेळा. एका सर्जनांनी ती तीन आठवड्यांसाठी दिली होती. बंद केली की पू वाढतो, म्हणून हे गृहस्थ तीच जुनी चिठ्ठी दाखवून दुकानातून गोळ्या आणत राहिले होते. तब्बल सात महिने!

मी आधी विचारलेच नव्हते, आणि त्यांना सांगावेसे वाटले नव्हते. पोटाच्या गोळीचा पायांशी काय संबंध, असेच त्यांना वाटत होते. तुम्हालाही कदाचित तसेच वाटत असेल. म्हणून आज थोडा इतिहास सांगतो. पोटासाठी घेतलेल्या गोळीने नसा निकामी होण्याचा सर्वांत मोठा प्रसंग जपानमध्ये घडला होता. तो कळला की या गृहस्थांचे काय झाले, हे समजायला सोपे जाईल.

जपानमधला अनोळखी आजार

१९५५च्या सुमारास जपानमध्ये काही विचित्र रुग्ण दिसू लागले. आधी पोटदुखी आणि जुलाब. मग काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी तळपायांना मुंग्या. बधिरपणा हळूहळू वर सरकायचा, गुडघ्यापर्यंत, कधी कमरेपर्यंत. पाय ताठ आणि अशक्त व्हायचे, चालताना तोल जायचा. काही जणांची दृष्टी अधू व्हायची, काही पूर्ण आंधळे व्हायचे. मज्जारज्जू, दृष्टीची नस आणि हातापायांच्या नसा या तिन्हींवर घाला घालणाऱ्या या आजाराला १९६४ मध्ये जे लांबलचक नाव मिळाले, त्याचे संक्षिप्त रूप ‘स्मॉन’.

त्याच वर्षी टोकियोत ऑलिम्पिक होते. नौकानयनाच्या स्पर्धा जिथे व्हायच्या होत्या त्या टोदा गावातच या आजाराचे रुग्ण झपाट्याने वाढले. एकाच गावात, एकाच दवाखान्यात, कधी एकाच घरात अनेक रुग्ण. असे चित्र दिसले की कोणत्याही डॉक्टरच्या मनात पहिला विचार येतो तो साथीचा. जपानी डॉक्टरांनाही तेच वाटले. विषाणूचा शोध सुरू झाला. १९६९ मध्ये सरकारने मोठी संशोधन समिती नेमली आणि तिचे प्रमुख होते रेइसाकु कोनो हे विषाणूतज्ज्ञ. १९७०च्या सुरुवातीला एका संशोधकाने विषाणू सापडल्याचे जाहीर केले आणि ती बातमी वर्तमानपत्रांत ठळकपणे छापून आली.

या बातमीने रुग्णांचे काय झाले असेल, याची कल्पना करून पाहा. आधीच पाय गेलेले, डोळे गेलेले, आणि आता शेजारीपाजारीही दूर झाले. घरच्यांना आपला आजार लागेल या भीतीने आणि लोकांच्या नजरांनी खचून काहींनी स्वतःचे आयुष्य संपवले.

हिरव्या रंगाने दिलेला धागा

उत्तर मिळाले ते एका साध्या निरीक्षणातून. स्मॉनच्या काही रुग्णांच्या जिभेवर हिरवट थर दिसायचा. काहींची शौचही हिरवी असायची. १९७०च्या मे महिन्यात टोकियो विद्यापीठातील अकिहिरो इगाता यांच्या पाहण्यात असे रुग्ण आले, ज्यांची लघवीसुद्धा हिरवी होती. ती तपासायला दिली गेली. त्याच विद्यापीठातील औषधनिर्माणशास्त्राचे तज्ज्ञ झेंझो तामुरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या हिरव्या रंगाचा उलगडा केला. तो विषाणूचा पुरावा नव्हता. ते क्लायोक्विनॉल नावाचे औषध होते आणि शरीरातल्या लोहाशी संयोग झाल्यामुळे त्याला हिरवा रंग आला होता.

क्लायोक्विनॉल म्हणजे पोटातल्या जंतूंवरचे औषध. जुलाब, आव, पोटदुखी, पोट बिघडणे, अशा प्रत्येक तक्रारीवर ते जपानमध्ये सर्रास दिले जात होते.

निगाता विद्यापीठातील मेंदूविकारतज्ज्ञ तादाओ त्सुबाकी यांनी लगेच स्मॉनच्या रुग्णांची औषधे तपासायला घेतली. १७१ रुग्णांपैकी १६६ जणांनी मुंग्या सुरू होण्याआधी हे औषध घेतले होते. ८ सप्टेंबर १९७० रोजी जपान सरकारने त्याची विक्री थांबवली आणि नव्या रुग्णांचा ओघ पाहता पाहता आटला. पुढच्या दोन वर्षांत नवीन रुग्ण जवळजवळ उरलेच नाहीत. तोवर सुमारे ११ हजार लोकांना स्मॉन झाला होता.

एकाच गावात, एकाच घरात रुग्ण का सापडत होते, हे आता उलगडले. जंतू एका माणसाकडून दुसऱ्याकडे जात नव्हता. एकच डॉक्टर, एकच दवाखाना, एकच सवयीचे औषध, हे त्याचे कारण होते.

औषधालाच आजार समजले

या गोष्टीतला सर्वांत अस्वस्थ करणारा भाग पुढे आहे. क्लायोक्विनॉल जास्त दिवस घेतले की त्यानेच पोटात दुखायचे, पोट फुगायचे. रुग्ण तक्रार करायचा, डॉक्टर समजायचे मूळचा आजार वाढला, आणि त्याच औषधाचा डोस वाढवायचे. दिवसाला एक ग्रॅम किंवा त्याहून अधिक, आठवडेच्या आठवडे. ज्यांना एखाद-दुसऱ्या दिवसाचे जुलाब होते ते बहुतेक वाचले. ज्यांचे पोट कायमचेच नाजूक होते, ज्यांना दीर्घ आजार होता, ज्यांच्यावर पोटाची शस्त्रक्रिया झाली होती, त्यांच्या शरीरात औषध साचत गेले.

खरे तर इशारे आधीच मिळाले होते. हे औषध विसाव्या शतकाच्या सुरुवातीला स्वित्झर्लंडमधील बासेलच्या कंपनीने जखमांवर लावण्यासाठी काढले होते. १९३०च्या दशकात ते आमांशावर पोटात देणे सुरू झाले. १९३५ मध्येच अर्जेंटिनातील डॉक्टरांनी त्याचे मज्जातंतूंवर होणारे दुष्परिणाम नोंदवले होते. १९६०च्या दशकात हे औषध दिलेल्या कुत्र्यांना झटके येतात असे स्वित्झर्लंडमध्ये दिसून आले. १९६६ मध्ये स्वीडनमधील बालमेंदूविकारतज्ज्ञ ओले हॅन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्याने लिहिले की हे औषध आतड्यात शोषले जाते. आणि ते घेणाऱ्या एका मुलाची दृष्टी गेली आहे. “हे औषध रक्तात जातच नाही, फक्त आतड्यातच काम करते,” हा तोवरचा समज होता. त्यावर विसंबूनच ते इतक्या बिनधास्तपणे दिले जात होते.

१९७८ मध्ये टोकियोच्या न्यायालयाने औषध कंपन्या आणि सरकार दोघांनाही जबाबदार धरले. १९७९ मध्ये जपानने औषधांच्या दुष्परिणामांनी बाधित झालेल्यांना मदत देणारा कायदा केला. मूळ कंपनीने हे पोटात घ्यायचे औषध जगभरातून काढून घेतले ते मात्र १९८५ मध्ये.

मुंबईतली नोंद

“हे सगळे जपानचे झाले, आपल्याकडे कुठे होते?” असा प्रश्न तुम्हाला पडला असेल. होते. क्लायोक्विनॉलच्या गोळ्या आपल्याकडेही घरोघरी ठेवलेल्या असायच्या. प्रवासाला निघताना डब्यांसोबत त्या पिशवीत टाकल्या जायच्या. आज सत्तरीत असलेल्या वाचकांना त्यांची नावे अजून आठवत असतील. आपल्या देशात जपानसारखी लाट आली नाही, पण मुंबईतील नामवंत मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. नोशीर वाडिया यांनी १९७७ मध्ये मुंबईतील स्मॉनच्या रुग्णांविषयीची आपली निरीक्षणे ब्रिटनच्या एका मान्यवर वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. पाहणाऱ्याने ‘काय औषध घेता, किती दिवस घेता’ हे विचारले, म्हणून तो आजार इथेही सापडला.

मग आले मेट्रोनिडॅझोल

क्लायोक्विनॉल गेले आणि आमांशाच्या चिठ्ठीवर त्याची जागा घेतली मेट्रोनिडॅझोलने. या औषधाचे मूळही योगायोगाने जपानमध्येच आहे. १९५३ मध्ये तिथे जमिनीतल्या एका सूक्ष्मजीवापासून अॅझोमायसिन नावाचा पदार्थ मिळाला. त्याच्या धर्तीवर फ्रान्समधील संशोधकांनी १९५०च्या दशकाच्या अखेरीस मेट्रोनिडॅझोल तयार केले. ते सुरुवातीला स्त्रियांच्या योनिमार्गातील एका जंतुसंसर्गासाठी होते. १९६२ मध्ये हिरड्यांच्या आजारावर त्याचा गुण दिसला. १९६६ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील डर्बनच्या डॉक्टरांनी आमांश आणि यकृतातील अमिबाच्या गळूवर ते उत्तम चालते, असे दाखवून दिले. मी स्पष्ट सांगतो, हे अतिशय उपयोगी औषध आहे. त्याने असंख्य जीव वाचवले आहेत आणि आजही वाचतात. अमिबासाठी ते ५ ते १० दिवस दिले जाते आणि तेवढ्यात नसांना इजा होणे फार दुर्मीळ.

गोष्ट बदलली ती ते क्रोन्सच्या रुग्णांना दिले जाऊ लागल्यावर. १९७५ मध्ये स्वीडनमधील उर्सिंग आणि काम्मे या डॉक्टरांनी क्रोन्समध्ये त्याचा फायदा होतो असे लिहिले. १९८० मध्ये न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी गुदद्वाराजवळच्या क्रोन्सच्या जखमा आणि भगंदर या औषधाने भरून येतात, असे दाखवले. वर्षानुवर्षे पू, वेदना आणि लाज सोसणाऱ्या रुग्णांसाठी ती मोठीच आशा होती. पण डोस होता वजनाच्या दर किलोमागे दिवसाला २० मिलिग्रॅम आणि औषध चालायचे महिनोन् महिने. कमी केले की जखम पुन्हा वाहू लागायची. १९८२ मध्ये त्याच डॉक्टरांनी पुढचा पाठपुरावा प्रसिद्ध केला तेव्हा सुमारे निम्म्या रुग्णांना हातापायांत मुंग्या येत होत्या.

माझे रुग्ण आठवले ना? औषध बंद केले की पू, चालू ठेवले की मुंग्या.

२०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले गेले. मेट्रोनिडॅझोलचा एकूण डोस ४२ ग्रॅमच्या वर गेलेल्यांमध्ये, म्हणजे साधारण चार आठवड्यांहून जास्त काळ घेतलेल्यांमध्ये, नसांना इजा होण्याचे प्रमाण सुमारे १८ टक्के होते. त्याहून कमी घेतलेल्यांमध्ये ते २ टक्क्यांपेक्षाही कमी होते. ४०० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून तीनदा घेतली तर ४२ ग्रॅम ३५ दिवसांत पूर्ण होतात. सात महिन्यांत किती होतात, याचा हिशेब मी माझ्या रुग्णासमोर कागदावर मांडला. अडीचशे ग्रॅमच्या वर.

हे औषध कधीकधी मेंदूवरही परिणाम करते. लहान मेंदूतल्या विशिष्ट भागाला सूज येते, बोलणे अडखळते, दारू प्यायल्यासारखे पाय लटपटतात. एमआरआयमध्ये त्याची ओळखू येणारी खूण दिसते. वेळेवर औषध थांबवले तर हा त्रास बहुतेकदा काही दिवसांत ते आठवड्यांत ओसरतो. पायांच्या नसा मात्र सावकाश सुधारतात, कधी महिने लागतात आणि कधी सुधारणा अर्धवटच राहते.

आणखी दोन औषधे

क्रोन्स आणि कोलायटिसच्या रुग्णांना सिप्रोफ्लॉक्सासिनही बऱ्याचदा दिले जाते. या गटाच्या औषधांनी होणारी नसांची इजा अचानक, काही दिवसांतही सुरू होऊ शकते आणि ती कायमची राहू शकते, असा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१३ मध्ये दिला. म्हणजे इथे ‘थोडेच दिवस घेतले’ हा भरवसा पुरत नाही.

दुसरे औषध टीबीचे. आतड्याचा टीबी आणि क्रोन्स यांचे चित्र इतके सारखे असते की आपल्याकडे क्रोन्सच्या अनेक रुग्णांना आधी टीबीची औषधे दिली जातात. त्यातल्या आयसोनियाझिडने नसांना इजा होते हे १९५०च्या दशकातच कळले आणि बी-६ या जीवनसत्त्वाने ती टाळता येते हेही त्याच काळात कळले. टीबीच्या गोळ्यांसोबत ती छोटी बी-६ची गोळी का देतात, हे आता लक्षात आले असेल. ती टाळू नका.

आता तुमच्या घरातला औषधांचा डबा उघडून बघा. जुलाबावरची एखादी गोळी नक्की सापडेल. तिच्या पट्टीवर ऑफ्लॉक्सासिन आणि ऑर्निडॅझोल अशी दोन नावे असतील, तर त्यातले एक सिप्रोच्या गटातले आणि दुसरे मेट्रोनिडॅझोलच्या कुटुंबातले आहे. डॉक्टरांनी विचार करून तीन-चार दिवस दिली तर ठीक. पण आयबीएसचे बरेच रुग्ण पोटात जरा गुरगुरले की ही गोळी स्वतःच घेतात. महिन्यातून दोनदा, वर्षानुवर्षे. आयबीएसमध्ये मारायला जंतूच नसतो, हे कृपया लक्षात ठेवा.

तुम्ही काय करायचे?

पहिले, दिवस मोजा. पट्टीवर सुरू केल्याची तारीख पेनाने लिहा. डॉक्टरांना विचारा, “हे औषध कोणत्या तारखेला थांबवायचे?” आतड्याच्या जुनाट आजारात कधीकधी ते लांबवावे लागते, पण तो निर्णय तुमच्या डॉक्टरांनी जाणूनबुजून घेतलेला असावा. जुन्या चिठ्ठीवर दुकानदाराने तो घेऊ नये.

दुसरे, तळपायांना मुंग्या, जळजळ, कापसावर चालल्यासारखे वाटणे, चप्पल निसटल्याचे न कळणे, तोल जाणे, बोलणे अडखळणे, नजर धूसर होणे, यातले काहीही सुरू झाले तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. पुढच्या तारखेची वाट पाहू नका.

तिसरे, अशक्तपणा आहे, बी-१२ कमी असेल, असे स्वतःच ठरवू नका. असेलही. ते तपासायलाच हवे. पण एक कारण सापडले म्हणून दुसरे नाही, असे होत नाही. मधुमेह किंवा मद्यपान असेल, तर तेही सांगा, कारण त्यांनी नसा आधीच नाजूक झालेल्या असतात.

चौथे, हे वाचून घाबरून औषधे फेकू नका. टीबीचे औषध स्वतःच्या मनाने बंद करणे तर फारच घातक. फोन करा, विचारा. क्रोन्सच्या भगंदरासाठी आज इतर प्रभावी उपचारही उपलब्ध आहेत, त्यामुळे पू की पाय, अशी निवड करण्याची वेळ बहुतेकांवर येत नाही.

माझ्या रुग्णाची गोळी त्याच दिवशी थांबवली आणि भगंदरासाठी त्यांना पोटविकारतज्ज्ञांकडे पाठवले. साधारण चार महिन्यांनी घोट्यांपर्यंतच्या मुंग्या गेल्या. पायांची बोटे अजून थोडी बधिर आहेत आणि ती कदाचित तशीच राहतील. ते आता मागे पट्टा असलेल्या सँडल घालतात. आणि मी पायांच्या मुंग्यांची तक्रार घेऊन आलेल्या प्रत्येकाला बी-१२ लिहिण्याआधी पिशवी रिकामी करायला सांगतो.

पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाताना तुमचीही पिशवी सोबत न्या. अगदी कोपऱ्यात पडलेल्या अर्ध्या पट्टीसकट.